मॅडम जिन्यानं जायच्या

"काकू म्हणू नकोस मला. या घरात कुठं काका दिसतोय का तुला?"

मॅडमचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. मी दारात उभा. पाठीवर सॅक, हातात आईनं बांधून दिलेली तिखटाची बरणी. मी वणीचा. बँकेत लागलो, घरी पेढे वाटले आणि ऑर्डर आली बनारसची. आईला वाटलं, पोरगं नोकरीला लागल्या लागल्या काशीला चाललं, म्हणजे अख्खं आयुष्य एका ट्रिपमध्ये उरकून येणार. ब्रँचमधल्या एकानं मॅडमचा पत्ता दिला. म्हणाला, मराठी आहेत, खोली देतात, फक्त जरा 'वो' आहेत. 'वो' म्हणजे काय ते त्यानं कानाजवळ बोटानं स्क्रू फिरवून दाखवलं.

"मग मावशी म्हणू?"

"तुझ्या आईला मी ओळखत नाही."

"आजी?"

दार निम्मं बंद झालं.

"मॅडम म्हण. जन्मभर त्याचाच पगार खाल्लाय मी. बरं, येतं काय तुला?"

"बँकेतलं सगळं..."

"बँकेतलं बँकेला सांग. तुला काय येतं?"

"नकला येतात."

"कर."

मी आमचे हेडमास्तर केले, गालात तंबाखू धरून प्रार्थना सांगणारे. वणीत हमखास टाळ्या घेणारा आयटम. मॅडमच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. मग मी हेडमास्तर सोडले, मान तिरकी केली, नसलेला चष्मा नाकावर वर ढकलला आणि म्हटलं, "काकू म्हणू नकोस मला. या घरात कुठं काका दिसतोय का तुला?"

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, गेली खोली.

"तुझा हेडमास्तर गरीब होता," त्या म्हणाल्या. "त्याची नक्कल कुणीही करेल. माझी केलीस ते बरं केलंस. चपला आत घे, बाहेर माकडं पळवतात. तुला ओळख देतील ती, पण तुझ्या चपलांना देणार नाहीत."

अशी मला खोली मिळाली आणि त्याच दिवसापासून माझं नावही 'माकड' पडलं.

मॅडम मूळच्या बनारसच्याच, दूधविनायक या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या. तिथल्या गल्लीतून एका वेळी एकतर माणूस जातो नाहीतर गाय, आणि गाय कधी मागं सरत नाही. मॅडम म्हणायच्या, "मी गायीकडून शिकले." भटजींच्या घरात जन्मून भोसले घाटावर पोरांच्या बरोबरीनं पोहायला शिकल्या, इंग्रजी शिकल्या, मुलींच्या कॉलेजात शिकवलं, लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सुट्टी नाही मिळाली." रिटायर झाल्यावर गुडघे गेले. मग गल्लीतल्या घरातला आपला हिस्सा पुतण्याला दिला आणि भेलूपूरच्या पलीकडं चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. का, तर बिल्डिंगला लिफ्ट होती.

"मी लिफ्ट विकत घेतलीये," त्या सांगायच्या. "फ्लॅट तिच्यासोबत आला."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

फ्लॅटमध्ये देवाचा फोटो एक आणि बाकी सगळ्या भिंतींवर मोलकरणी. म्हणजे चित्रं. राणीच्या काळात विलायतेत हसवणुकीची साप्ताहिकं निघायची, त्यातली काळ्या शाईची, बारीक रेघांची व्यंगचित्रं, सगळी मालक आणि नोकरांवरची. रामनगरच्या एका कबाड्याकडं कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्यातून आलेला गठ्ठा पडला होता आणि तो पठ्ठ्या त्यातलं एकेक पान फाडून गिऱ्हाइकाला खिळे बांधून देत होता. मॅडम खिळे घ्यायला गेल्या आणि गठ्ठा घेऊन आल्या. खिळे तिथंच विसरल्या. मग चित्रं टांगायला खिळे नाहीत म्हणून परत गेल्या.

नवा माणूस घरात आला की त्या दौरा काढायच्या. इंग्रजी ओळ वाचायच्याच नाहीत, सरळ आपल्या काशीच्या मराठीत सांगायच्या.

"हे बघ. ही मेमसाब. आणि ही नवी स्वयंपाकीण, काम मागायला आलीये. छत्री बघ कशी धरलीये, जशी काही तलवारच. मेमसाब काही विचारणार तेवढ्यात हीच विचारते, 'बाईसाहेब, मागची का सोडून गेली? तुमची तबियत गरम की थंडी? कुणी दोन भले लोक तुमच्याबद्दल चांगलं सांगतील का?'"

दुसऱ्या चित्रात मालकीण आणि मोलकरीण एकाच दारात अडकलेल्या. तेव्हा पिंजऱ्यासारखे फुगीर घागरे घालायची फॅशन होती. मालकिणीनं घातला, ते बघून मोलकरणीनंही घातला, आता दारातून कुणीच जात नाही. तिसरं बाथरूममध्ये होतं. ताडमाड नोकर, रेशमी मोजे, आणि हातात मालकिणीच्या कुत्र्याची शाल. "यांना उंची आणि पोटऱ्या बघून ठेवायचे," मॅडम बाथरूमच्या बाहेरून ओरडून सांगायच्या, मी आत असताना. "पोटऱ्या नसल्या तर मोज्यात कापूस. तुला ठेवलं असतं तर अख्खी गादी उसवावी लागली असती."

मी एकदा म्हटलं, "पण मॅडम, ही चित्रं तर मोलकरणींनाच हसतायत. बघा कशा डोक्यावर बसल्या, असं म्हणतायत."

"म्हणतायतच. काढणारा मालकिणीच्या टेबलावर जेवत होता. छापणारा मालक, विकत घेणारा मालक. पण तू चेहरे बघ ना जरा. ताठ कोण उभंय? घाबरलंय कोण? घरात एक बाई नीट उभी राहिली, तर अख्ख्या विलायतेला दर हफ्त्याला हसावं लागत होतं. इतका डर!" मग चष्म्यावरून माझ्याकडं बघायच्या. "म्हणून सांगते, माकडा. खालच्याची नक्कल म्हणजे फुकटचं हसू. वरच्याची कर. पडलास तर निदान उंचावरून पडशील."

एवढं सगळं तत्त्वज्ञान, आणि सिंकच्या वरच्या फळीवर एक कप वेगळा ठेवलेला. निळ्या फुलांचा, कडेला टवका उडालेला. तो दुलारीचा.

दुलारी म्हणजे मॅडमकडं झाडू-पोछा, भांडी आणि भांडण करणारी बाई. रामनगरहून पूल ओलांडून यायची. भांडण हा पगारात धरलेला भाग नव्हता, पण ती कधी चुकवायची नाही. "ई फोटो पर धूल हम ना पोंछब," असं पहिल्याच दिवशी बजावलेलं, "हमके डर लागत हौ." मॅडम म्हणायच्या, डर नाही, आळस आहे. दुलारी म्हणायची, मैडम जी की आँख में धूल हौ, फोटो पर नाहीं. मी दोघींच्या नकला दोघींना करून दाखवायचो आणि दोघी मला हाकलून द्यायच्या. गुडघे दोघींचे सारखेच खराब. सकाळी लिफ्टमधून दुलारी बाहेर पडली की मॅडम आतून ओरडायच्या, "आली का माझी सवत?" ती ओरडायची, "आ गइली!"

सगळं बरं चाललं होतं. मग लिफ्टमध्ये नोटीस लागली.

'घरेलू सहायक, दूधवाले एवं कूड़ेवाले लिफ्ट का प्रयोग न करें। सीढ़ी का प्रयोग करें।'

नोटीस लावणारे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब. रेल्वेतून रिटायर, नागपूरचे, आपलेच मराठी. वाईट माणूस म्हणता येणार नाही. कुणाकडं आजारपण असलं तर पहिले धावणारे. पण त्यांना स्वतःचं असं मतच नव्हतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, दोन्ही हात छातीपाशी उघडून म्हणायचे, "पाहा जी, मी काही म्हणत नाही, सोसायटी म्हणते." माझ्या नकलांमधला हा सगळ्यात लवकर बसलेला आवाज.

मॅडम त्यांच्याकडं गेल्या. "दुलारी कशी चढणार चार मजले?"

"मी काही म्हणत नाही मॅडम, सोसायटी म्हणते."

"सोसायटीत मी पण आहे. मी तर नाही म्हटलं."

"तुम्ही मीटिंगला आल्या नाहीत जी."

मॅडम घरी आल्या त्या पेटूनच. भिंतीवरचं एक चित्र काढलं. त्यात मालकीण अचानक घरी येते तर मोलकरीण तिची नवी टोपी घालून आरशासमोर बसलेली, आणि न उठताच म्हणते, "बघत होते बाईसाहेब, तुमच्यावर ही कशी वाईट दिसत असेल ते." मॅडमनी त्याखाली हिंदीत ओळ लिहिली आणि लिफ्टमध्ये नोटिशीच्या बरोबर शेजारी चिकटवलं.

"आता लाज वाटेल त्यांना," म्हणाल्या.

लाज कुठली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्या चित्राचा फोटो, आणि खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. 'सेम टु सेम!' 'हमारी वाली भी ऐसी ही है, मेरी लिपस्टिक लगाती है.' 'मॅडमजी ग्रेट, क्या सेन्स ऑफ ह्युमर है.' सेक्रेटरीसाहेब मुद्दाम वर येऊन मॅडमचे हात हातात घेऊन गेले. "बरं झालं मॅडम, तुम्ही समजून घेतलं. नोटिशीला सपोर्ट केला."

ते गेल्यावर मॅडमनी ते हात साबणानं दोनदा धुतले. मी होतो तिथं, म्हणून सांगतो.

खरं वाईट पुढं झालं. लिफ्टमध्ये कुणी तरी बॉलपेननं त्या चित्रातल्या मोलकरणीच्या खाली लिहिलं, 'दुलारी'. दुसऱ्या दिवशी ती जिन्याकडं निघाली तर गार्डनं लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि हाक मारली, "ए दुलारी, आवा देखा, तोहार फोटू लगल हौ!" लिफ्टमध्ये जायला बंदी, पण स्वतःचं हसं बघायला दार उघडं. दुलारीला स्वतःचं नाव वाचता येत होतं.

मी ऑफिसला निघालो होतो, खालीच भेटली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भइया, मैडम हमके हँसे बदे ई टँगली?"

मी म्हटलं, नाही गं, तुला हसायला नाही टांगलं, उलट आहे, मॅडमना तसं म्हणायचं नव्हतं, ती विलायतची गोष्ट आहे... मला कुणाचीही नक्कल करता येते, पण त्या दिवशी माझ्या स्वतःच्या आवाजात काही धड बोलता येईना. ती वर गेलीच नाही. पुढं चार दिवस आली नाही, फोनही उचलला नाही.

माझ्याकडून कळल्यावर मॅडमनी पहिल्या दिवशी लिफ्टमधलं चित्र फाडलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासली. तिसऱ्या दिवशी घरातली सगळी चित्रं भिंतीकडं तोंड करून उलटी टांगली. "शिक्षा," म्हणाल्या. कुणाला, ते सांगितलं नाही. मग रविवारी मला म्हणाल्या, "माकडा, चल. रामनगर."

पुलावरून ई-रिक्षानं गेलो. ऊन कडक, मॅडमच्या हातात छत्री. किल्ल्याच्या मागच्या वस्तीत दुलारीचं घर. ती बाहेर खाटेवर बसली होती, मांडीवर सुपात तांदूळ. आम्हाला बघितलं आणि निवडत राहिली. बसा म्हणाली नाही.

मॅडम उभ्या, छत्री टेकून. दुलारी बसलेली. मला ते चित्र एकदम आठवलं, स्वयंपाकिणीनं मेमसाबची मुलाखत घेतल्याचं, आणि मी ओठ चावला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही तेच आठवलं होतं.

"बोलीं," दुलारी म्हणाली.

"चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यावर नव्हतं ते. मला वाटलं, ते लोक स्वतःला बघतील त्यात."

"हमके बतउलीं? पूछलीं?"

"नाही."

"अपने मन से हमार लड़ाई लड़त हईं."

दुलारीनं आत हाक मारली, सून दोन कप चहा घेऊन आली. दुलारीनं स्वतः उठून एक कप मॅडमच्या हातात दिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "हमरे घरे अलग कप नाहीं हौ, मैडम जी. सब जने एही में पीयेलन. चली?"

मी आयुष्यात बरेच टोमणे ऐकलेत, आमची वणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण असा तुपात तळलेला टोमणा नाही ऐकला. मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कप संपवला, तळ दाखवला.

"चली. चालतंय की," म्हणाल्या. "तो निळा कप आजपासून गेला."

"अउर लिफ्ट?"

"त्या सेक्रेटरीशी मी..."

"सिक्रेटरी छोड़ीं. आप कइसे आइल हईं आज? लिफ्ट से उतर के हमके मनावे आइल हईं ना?"

मॅडमनी कप खाली ठेवला आणि छत्री उघडली. परतताना पुलावर रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "बघ ना. गुडघ्याला विचारलंसुद्धा नाही मी. दाबलं बटण, आले खाली."

बिल्डिंगमध्ये शिरल्यावर मी सवयीनं लिफ्टचं बटण दाबलं. मॅडम माझ्या शेजारून पुढं गेल्या आणि जिन्याचा कठडा धरला.

"मॅडम, चार मजले आहेत!"

"मोजता येतात मला."

ज्या बाईनं लिफ्टसाठी घर घेतलं होतं ती त्या दिवसापासून लिफ्टमध्ये चढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलारी आली, तेव्हा मॅडम पहिल्या वळणावर पायरीवर बसून धापा टाकत होत्या, हातात दुधाची पिशवी. दुलारीनं बघितलं, कपाळावर हात मारला, म्हणाली, "पगला गइल हईं का?" आणि त्यांच्या काखेत हात घातला. मग रोजच दोघी जिन्यानं. कोण कुणाला धरून चढतंय ते कळायचं नाही. भांडणाचा आवाज मात्र मजल्या-मजल्यानं वर यायचा, त्यावरून मी चहाचं आधण ठेवायचो.

मग मॅडमनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. गार्डनं उचलून नेल्या. मॅडमनी दुसऱ्या आणल्या आणि सायकलच्या साखळीनं कठड्याला बांधल्या. वर भिंतीला चित्रं लावली, पण आता प्रत्येक चित्र आधी दुलारीला दाखवून. दुलारीनं बरीच नापास केली. घागऱ्यात अडकलेल्या दोघींचं मात्र पहिल्या झटक्यात पास केलं. "ई ठीक हौ," म्हणाली, "ई में दूनो फँसल हईं."

सेक्रेटरीसाहेब समजवायला आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर मॅडमचा दरबार भरलेला, शेजारच्या खुर्चीवर दुलारी पाय चोळत बसलेली.

"मॅडम, तुम्हाला कुणी लिफ्ट बंद केली का जी? तुमच्यासाठी लिफ्ट आहेच न."

"आणि हिच्यासाठी?"

"मी काही म्हणत नाही..."

"सोसायटी म्हणते. मग सोसायटीला पाठव ना इकडे, चहा पाजते."

"जिन्यात खुर्च्या, हे नियमात बसत नाही मॅडम."

"अडीच मजले चढून आला असेल बिचारा नियम. म्हणावं बस, खुर्ची आहे."

मग त्यांनी खरंच चहा मागवला. थर्मास मीच घेऊन आलो. सेक्रेटरीसाहेबांना कप दिला तो निळ्या फुलांचा, टवका उडालेला. ते आनंदानं प्यायले. दुलारीनं पदर तोंडात कोंबला. तेव्हापासून त्या कपाचं नाव 'सोसायटीचा कप' पडलं आणि तो फक्त कमिटीवाल्यांसाठी निघायचा.

होळी आली. काशीत होळीला मोठ्यांची टर उडवायची आणि मोठ्यांनी गुलाल लावून हसायचं, ही रीत. राग मानला तो हरला. सोसायटीच्या होळी-मिलनात मॅडमनी माझं नाव दिलं. आम्ही फ्रिजचा मोठा खोका आणला, त्याला दार कापलं. ती लिफ्ट. मी सेक्रेटरी. हात छातीपाशी उघडून दारात उभा. बोललो हिंदीत, तुम्हाला मराठीत सांगतो.

"या, या. काही म्हणत नाही जी मी, फक्त विचारतो. तुम्ही घरात भांडी घासता काय?"

समोरच्या रांगेतल्या एक बाई हसत म्हणाल्या, "कभी-कभी."

"मग जिना. घरेलू सहायक. तुम्ही? झाडू मारता? जिना. तुम्ही भाऊ, कचरा खाली आणता? कूड़ेवाले. जिना!" सगळी रांग उठवून जिन्याला लावली. शेवटी मी स्वतःच लिफ्टमध्ये पाय टाकला आणि थबकलो. खोल आवाजात स्वतःलाच विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, सकाळी बायकोचा चहा कोण करतं?" मान खाली घालून म्हटलं, "मीच करतो जी." आणि निघालो जिन्याकडं. खोका एकटाच उभा राहिला, रिकामा.

लोक पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्यानं सेक्रेटरीसाहेब. मला मिठी मारली, गालाला गुलाल फासला, "हुबेहूब जी, हुबेहूब!"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधली नोटीस लॅमिनेट झाली.

मी उतरलेल्या तोंडानं मॅडमकडं आलो. "काय उपयोग? हसले आणि मोकळे झाले."

"होतातच. तिकडेपण दर हफ्त्याला हसायचे. नोकरांचा जिना वेगळा तो वेगळाच राहिला." मॅडम तांदळाचा डबा पुसत होत्या. "पण एक सांग, आता तो लिफ्टमध्ये एकटा शिरतो तेव्हा त्याला कुणाचा आवाज ऐकू येत असेल?"

"माझा?"

"मग राहू दे ना त्याला तुझ्यासोबत. घाई कसली?"

घाई होती. मॅडमच्या पायांना सूज यायला लागली होती, ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आणि उतरणंच बंद केलं. लिफ्टनं न्यायला मी तयार होतो, पुतण्या तयार होता, सेक्रेटरीसाहेब तर स्वतः व्हीलचेअर घेऊन आले. उन्हाळाभर, पावसाळाभर ती बाई चौथ्या मजल्यावर बसून राहिली. मी एकदा हात जोडले. "मॅडम, एकदा. डॉक्टरकडं. कुणाला कळणार नाही."

"दुलारीला कळेल."

दुलारी फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "हम कहत हईं, चल जाईं. हम माफ कइलीं."

"तू कोण माफ करणारी?" मॅडम तिच्यावरच खेकसल्या. "मला नको माफी. मला लिफ्ट पाहिजे, तुझ्यासोबत. नाहीतर जिना. आणि काळजी करू नका, शेवटी खाली जिन्यानंच जाणारे मी. तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही. मावायची तर उभी करावी लागेल, आणि मी काही सेक्रेटरीसमोर उभी राहायची नाही."

बनारसमध्ये मरणावर विनोद करायला परवानगी लागत नाही. आम्ही तिघंही हसलो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दुलारी जिना चढून दाराशी आली, तर आतून "आली का माझी सवत?" आलं नाही.

जिना अरुंद. तिरडी वळवायला जागा व्हावी म्हणून खुर्च्यांच्या साखळ्या तोडाव्या लागल्या. खुर्च्या खाली नेऊन लिफ्टशेजारी एकावर एक रचल्या. सगळी बिल्डिंग दारात उभी होती आणि मॅडम जिन्यानं चालल्या होत्या, चारही मजले, त्यांच्या चित्रांच्या समोरून. कमिटीवाल्यांनी खांदा दिला. सेक्रेटरीसाहेब पहिल्या वळणापासून रडत होते, आणि ते रडणं खरं होतं.

मणिकर्णिकेहून आम्ही दुपारी परतलो, गंगेत बुडी मारून, ओल्या कपड्यांनी. दुलारी खालीच बसलेली. घराला कुलूप, किल्ली माझ्याकडं. घर धुवायचं होतं म्हणून तिनं पाण्यात भिजवलेल्या फडक्यांची बादली भरून ठेवलेली.

मॅडममुळं लागलेल्या सवयीनं मी जिन्याकडं वळलो. सेक्रेटरीसाहेब सवयीनं लिफ्टमध्ये शिरले आणि दार धरून उभे राहिले, माझी वाट बघत. दुलारीनं जिन्याकडं बघितलं. एकाही वळणावर खुर्ची नव्हती. मग तिनं बादली उचलली आणि लिफ्टमध्ये गेली.

सेक्रेटरीसाहेबांनी तोंड उघडलं. हात छातीपर्यंत आले. "मी काही..."

दुलारीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर बघत म्हणाली, "चौथा."

साहेबांनी बटण दाबलं.

मी जिन्यानं पळत सुटलो. दम लागून चौथ्या मजल्यावर पोचलो तर लिफ्टचं दार उघडं, दुलारी घराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली, आणि सेक्रेटरीसाहेब ओल्या धोतरात तिच्यासमोर उभे. बादली त्यांच्या हातात होती. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं कधी घेतली ते. बारीक रेघांनी काढावं असं चित्र. खाली ओळ सांगायला तेवढ्या मॅडम नव्हत्या.

"का देखत हउवा, भइया?" दुलारी मला म्हणाली. "ताला खोला."

मी अजून त्याच बिल्डिंगमध्ये, मॅडमच्याच फ्लॅटमध्ये, पुतण्याला भाडं देऊन राहतो. नोटीस अजून लिफ्टमध्ये आहे, कुणी काढली नाही. सोसायटी काही म्हणत नाही. दुलारी रोज सकाळी लिफ्टनं येते. गुडघे दुखतात ना तिचे, म्हणून वर येईपर्यंत पाठ टेकून उभी राहते, आणि टेकायला नेमकी ती लॅमिनेट केलेली नोटीसच बरी पडते.